रेंजरची बदली

कोंडाबाईनं सागाच्या जड्यांची गठडी उकळत्या पाण्यात सोडली. जडी म्हणजे सागाचं वीतभर मूळ. मातीत खोचलं की पहिल्या पावसात त्याला कोंब येतो. तिनं गठडी पाण्यातून काढली, गार होऊ दिली आणि ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली. बाहेरून काहीच कळत नव्हतं. सकाळी बाया येऊन त्याच जड्या डोंगरावर लावणार होत्या.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी तिनं हेच केलं. जड्या सांभाळायचं काम रेंजर विरूपाक्षनं तिलाच दिलं होतं. तिची झोपडी डोंगराच्या पायथ्याशी होती. शिवाय ही बाई कधी मान वर करून बोलत नाही, हे त्यानं पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी या डोंगरावर मोह होते, टेंभुर्णी होती, चारोळी होती. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव मोहाची फुलं उकडून खाऊन जगलं होतं. मग वरून हुकूम आला, मिश्र जंगल तोडा आणि नुसता साग लावा. सागात सरकारला पैसा होता. विरूपाक्षनं ऐन फुलांच्या दिवसांत करवती लावल्या. कोंडाबाईचा नवरा ग्यानोबा आडवा गेला. "आठ दिस थांबा साहेब, एवढी फुलं पडू द्या," एवढंच तो म्हणाला. विरूपाक्षनं त्याला दिवसभर उन्हात त्याच मोहाला बांधून ठेवलं. संध्याकाळी सोडलं आणि झाड पाडलं. ग्यानोबानं अंथरूण धरलं. पोळा काही त्यानं पाहिला नाही. त्यानंतरची दोन्ही वर्षं कोरडी गेली आणि या खेपेला वेचायला मोहही नव्हता.

रोपवनाच्या कामावर कोंडाबाईनं सगळ्यात आधी नाव लावलं.

श्रावणात नांदेडहून मोठे साहेब पाहणीला आले. डोंगरभर जड्या ओळीनं उभ्या होत्या आणि एकीलाही पान नव्हतं. साहेबांनी एक उपटून मोडली. आतून काळी पडली होती. शेजारच्या गावात तेवढ्याच पावसावर साग वीतभर वर आला होता.

विश्रामगृहाच्या ओसरीवर बसून साहेबांनी निकाल दिला. बाया खाली अंगणात उभ्या होत्या.

"ही जमीन सागाची नाही. इथलं काम बंद. आणि विरूपाक्ष, जमीन न बघताच साग लावलात तुम्ही. लातूर नवा जिल्हा झालाय, तिथं माणसं हवीत. तिकडं जा तुम्ही. तिथं जंगलच नाही, तेव्हा तुमच्या हातून मरायलाही काही नाही."

विरूपाक्षची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान कोंडाबाईनं डोळे भरून पाहिली. दोन वर्षं ती याच घडीसाठी जगली होती.

तेवढ्यात शेजारी उभी असलेली सरजाबाई मटकन खाली बसली. "काम बंद म्हनं," ती म्हणाली. "आता निजामाबादच्या वीटभट्टीवर जावं लागतंय. तीन लेकरं घिऊन कशी जाऊ, कोंडाबाई?"

हे कोंडाबाईच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती पाणी प्यायला विश्रामगृहाच्या मागच्या रांजणाकडं गेली. कुडापलीकडं विरूपाक्ष वनरक्षक व्यंकटीशी बोलत होता. हसत होता.

"तीन वर्षांत चार अर्ज केले, व्यंकटी. उदगीरला घर हाय माझं, म्हातारी आई हाय. या रानातून काही सुटका होईना. साहेबांना वाटतंय, शिक्षा दिली!" त्यानं व्यंकटीच्या पाठीवर थाप मारली. "सागानं मरून माझं कल्याण केलं बघ. कागदावर सही झाली की उद्याच्या गाडीनं निघतो."

कोंडाबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. ग्यानोबा मातीत गेला होता. सरजाबाई भट्टीवर निघाली होती. आणि हा माणूस आपल्या आईकडं निघाला होता. त्याची वाट तिनंच करून दिली होती.

तिनं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. पुढं येऊन ती ओसरीच्या पायऱ्या चढली. साहेब पेनाचं टोपण काढत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर केली.

"साहेब, जमीन चांगली हाय. जड्या म्या उकडल्या."

साहेबांचा हात थांबला. आवाज ऐकून विरूपाक्ष मागून धावत आला. "साहेब, बाईचं डोकं फिरलंय! तुम्ही सही करा."

"रोपवाटिकेत उरलेल्या जड्या लावून बघा, साहेब," कोंडाबाई म्हणाली. "आठ-पंधरा दिसांत कोंब न्हाई आला तर मला इचारा. बायांचं काम बंद करू नका."

साहेब म्हणाले, "तुला तुरुंगात जावं लागेल, बाई."

"जाते की."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. विरूपाक्षच्या तोंडावरचा रंग उडाला. कोंडाबाईनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग साहेबांपुढं हात जोडले.

"पन ह्या रेंजरसाहेबांचा कायबी कसूर न्हाई. त्यांना शिक्षा नका करू. त्यांना हितंच ठिवा."