दोन वर्षांनी काढलेला परवाना

हार्लन स्वेनीने दारातच बर्फाचे बूट काढले आणि तो मोज्यांनिशी स्वयंपाकघरात आला. सिंकवरच्या, वर-खाली सरकणाऱ्या खिडकीच्या काचेला परवान्याचा पिवळा कागद चिकटवलेला होता, नियमाप्रमाणे, रस्त्यावरून दिसेल असा. त्याचं खालचं टोक सारखं फडफडत होतं. बाहेर उणे पंचवीस होतं, आणि घरातही आर्लिस कोस्की दोन स्वेटर चढवून वावरत होती.

"आधी कॉफी की आधी तळघर?" तिने विचारलं.

"तळघर," हार्लन म्हणाला. आर्लिसची कॉफी आणि दालचिनीचा केक पोटात घालून तिचंच काम नापास करायला छाती लागते, आणि ती आपल्याला नाही, हे नगरपालिकेचा हा तपासनीस ओळखून होता.

असला अर्ज त्याने बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. लोक घर तापवणारी गॅसची फर्नेस बसवतात आणि परवाना चुकवतात. या बाईने दोन वर्षांपूर्वी परवान्याशिवाय बसवलेल्या फर्नेससाठी आपल्या पायांनी येऊन अर्ज भरला होता. 'काम कोणी केले' या रकान्यात तिने मोठ्या अक्षरांत मुलाचं नाव लिहिलं: कर्टिस कोस्की. ते वाचून कचेरीतल्या मुलीने अर्ज थेट हार्लनच्या टेबलावर आणून ठेवला होता.

नाव गावाला पाठ होतं. नोव्हेंबरात कर्टिसने हॅगबर्गच्या घरी नवी फर्नेस बसवली, तीही परवान्याशिवाय. तिसऱ्या दिवशी सकाळी हॅगबर्ग, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी अंथरुणातच मृत सापडली. त्या घरात जुनी फर्नेस आणि गॅसचा गीझर एकाच धुराड्यात धूर सोडायचे. नव्या फर्नेसचा पाइप भिंतीतून बाहेर काढला, आणि त्या भल्यामोठ्या गार धुराड्यावर गीझर एकटा उरला. अशा गीझरला या धंद्यात अनाथ म्हणतात. त्याच्यासाठी धुराड्यात आतून बारीक नळी सोडावी लागते, नाहीतर धूर वर चढत नाही, घरातच उतरतो. त्यातला विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास असतो. कर्टिसने नळी सोडली नव्हती.

आता तो तुरुंगात खटल्याची वाट बघत होता. सरकारी वकील म्हणत होता, याला धोका ठाऊक होता. कर्टिस म्हणत होता, मला काहीच ठाऊक नव्हतं, मी माझ्या आईकडेही असंच काम केलंय. सगळं तेवढ्यावर अडलं होतं. ठाऊक नसेल तर ती चूक, थोडी वर्षं काढून सुटला असता. ठाऊक असेल तर आर्लिसच्या हयातीत तो घरी येणार नव्हता.

"तू बघशील तेवढंच लिही," आर्लिस जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली. "इथेही त्याने तस्संच केलंय आणि मी ठणठणीत आहे. आपल्या आईच्या घरात कोणी जाणूनबुजून असं करेल का रे?"

हार्लनलाही ते पटत होतं. कर्टिसला त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. घाईचं पोर, दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकणारं, पण मनाने वाईट नव्हतं. हार्लनला मनापासून वाटत होतं की आज या बाईच्या हातात काहीतरी पडावं.

तळघरात त्याने धुराड्यात बॅटरी मारली. नळी नव्हती. त्याने गीझर पेटवला, थोडा वेळ थांबला आणि काडी ओढून गीझरच्या वर, धूर जिथून धुराड्याकडे जातो त्या टोपीशी धरली. ज्योत आत ओढली गेली. धूर वर चढत होता. हार्लनचा जीव भांड्यात पडला.

मग त्याला नियम आठवला. ही तपासणी घराची दारं-खिडक्या बंद करून करायची असते, कारण बाहेरची हवा आत येत असली की बिघडलेलं धुराडंही धूर ओढतं. जानेवारीत या गावात ते कोणाला सांगावं लागत नाही, तरी सवयीने त्याने खालूनच सांगितलं. वर आर्लिसची पावलं वाजली. ती जरा थबकली, आणि मग एक खिडकी धप्पकन खाली आली.

पाच मिनिटांनी त्याने दुसरी काडी ओढली. ज्योत त्याच्या बोटांकडे वळली. मनगटाला दमट ऊब लागली आणि कमरेला लावलेलं, विषारी वायू ओळखणारं यंत्र कर्कश वाजू लागलं. त्याने गॅस बंद केला आणि तो घाईने वर आला.

आर्लिस सिंकपाशी उभी होती. तिच्या हातात कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा होता. परवान्याचा कागद आता हलत नव्हता.

"ही खिडकी उघडी होती?" त्याने विचारलं.

"बोटभर. कायमच असते. या चिमट्यावर टेकवलेली."

"असल्या थंडीत?"

नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. "अरे, कर्टिसनेच लावून दिलाय चिमटा, फर्नेस बसवली त्याच दिवशी. म्हणाला, आई, गारठलीस तरी चालेल, पण ही खिडकी बंद करायची नाही. रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, उघडी आहे ना म्हणून." तिने टेबलावरचं पेन उचलून हार्लनच्या हातात दिलं. "हेसुद्धा लिही त्यात. कळू दे कोर्टाला, माझ्या लेकाला दुसऱ्याच्या जिवाची किती काळजी आहे ते."