मधलं फूल

"तुमच्या सायबानं माज्या नवऱ्याचा पाय छताला लावलाय, मुकादम."

दगडाबाई मोठ्यानं बोलली नाही. पण गिरणीच्या पाहुणे-बंगल्याचा दिवाणखाना सगळा रिकामा. शब्द भिंतींना थडकून परत आले. वर परांचीवर बसलेल्या हुसेनसाबचा हात घमेल्यातच थबकला.

दगडाबाईच्या मागं, दारात, शुक्रवार पेठेतून मागून आणलेली हातगाडी उभी होती. गाडीवर कुंडलिक आडवा. काल याच परांचीवरून तो खाली आला होता, फळीसकट. पिंडरीला बांबूच्या कामट्या, त्यावर सुतळी.

"ह्येला दवाखान्यात न्यायचं सोडून हितं कशाला आणलंस?" रामहरी मुकादम म्हणाला.

"तितनंच आले की. गिरणीच्या दवाखान्यातनं. डाक्टरनं हाड बसवलं आन् म्हनला, प्लास्टर संपलंय. कुटं गेलं म्हनलं, तर म्हनला, बंगल्यावर गेलं. मीच कालवलंय त्ये, मुकादम. ह्या हातानं."

हुसेनसाबनं खाली पाहिलं. भुकटी केसांत जाऊ नये म्हणून दगडाबाई रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची. आजही होती. त्या पोत्यावर तांबडी फुली होती. सगळ्याच पोत्यांवर होती. हुसेनसाब रोज सकाळी ती पोती आपल्या सुरीनं उसवायचा. फुली त्याला दिसली नव्हती असं नाही. कारखान्याची खूण असंल म्हणून त्यानं सोडून दिली होती. दगडाबाईनंही तेच केलं होतं. भाजलेल्या जिप्समचं ते पांढरं पीठ. त्यातून छत होतं आणि मोडलं हाडही जागेवर राहतं. ते कुठून येतं हे विचारलं असतं, तर काम गेलं असतं.

"पाय हालला तर वाकडा जुळंल, म्हनला डाक्टर," दगडाबाई म्हणाली. "वाकड्या पायाचा मानूस कुटल्या परांचीवर चडनार, सांगा की."

"सायेब हिकडं यायला निगाल्यात. आदी फूल चडू दे. मंग बगू."

फूल म्हणजे छताच्या मधोमध बसवायचं प्लास्टरचं फूल, गाडीच्या चाकाएवढं. ते साच्यातून निघून भिंतीला टेकून उभं होतं. बाकी छत झालं होतं. वेलबुट्टी, कंगोरे, सगळं. मधोमध तेवढा एक उघडा गोल राहिला होता, झुंबराच्या लोखंडी आकड्याभोवती. ते फूल चिकटवायला शेवटच्या पोत्यातलं शेवटचं घमेलं हुसेनसाबनं नुकतंच कालवलं होतं. पाणी पडलं की हे पीठ कुणासाठी थांबत नाही. छताच्या कामाला त्यात सरसाचं पाणी घालायची रीत, म्हणून थोडी सवड मिळते. थोडीच.

त्यानं बोट बुडवलं. दह्यासारखं आलं होतं.

"मुकादम, घमेलं धरायला लागलं. वर चढवू का खाली उतरवू? जल्दी बोला."

"वर. इचारतोस काय? फूल न्हाय बसलं तर तुमी तिगंबी उद्या फाटकाच्या भाईर."

हुसेनसाब घमेलं घेऊन खाली उतरला.

"हुसेन, डोकं फिरलं का तुजं?"

हुसेनसाबनं काथ्याचा पुंजका घमेल्यात दाबला. दगडाबाईनं गाडीवरची जुनी चादर दातानं फाडली, पट्ट्या केल्या. कुंडलिकला दोघांनी खाली फरशीवर घेतलं. सुतळी सोडून कामट्या काढल्या. आधी कोरड्या पट्ट्या, मग भिजवलेला काथ्या, वरून पुन्हा पट्ट्या. मुकादम मध्ये आला तेव्हा दगडाबाईनं नुसतं वर बघितलं. तो बाजूला झाला.

"चटका बसतुया," कुंडलिक म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बसू दे. गरम झालं म्हंजे धरलं," दगडाबाई म्हणाली.

हात सवयीचे. हुसेनसाबनं कडेची थापी उचलली आणि पोटरीवरून फिरवून कड सरळ केली.

"चाचा, कंगोरा नका काडू," कुंडलिक दात आवळून म्हणाला. "नुसता सरळ राहू द्या."

प्लास्टर सुकेपर्यंत पाय उंचावर ठेवायला हवा होता. जवळ दुसरं काही नव्हतं. दगडाबाईनं भिंतीला टेकलेलं फूल ओढलं, आडवं केलं आणि कुंडलिकची टाच त्याच्या पाकळ्यांवर टेकवली. एक पाकळी कडकन मोडली.

मोटारीचं दार वाजलं.

साहेब आत आले ते मान वर करूनच. वेलबुट्टी पाहिली, कंगोरे पाहिले. मग नजर मधल्या उघड्या गोलावर गेली आणि तिथंच राहिली.

"मधलं फूल कुठंय?"

रामहरीनं फरशीकडं पाहिलं. म्हणून साहेबांनीही पाहिलं. गाडीच्या चाकाएवढं फूल, त्यावर एक पांढरा पाय, बाहेर आलेली काळी बोटं. घमेल्याच्या तळाशी उरलेलं दगड झालं होतं.

"हा काय प्रकार आहे?"

हुसेनसाब उभा राहिला. नोकरी गेली हे त्याला कळलं होतं. बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दगडाबाईनं डोक्यावरची खोळ काढली. पोतं झटकलं. भुकटी साहेबांच्या बुटांवर बसली. तिनं ते त्यांच्या पुढ्यात अंथरलं, तांबडी फुली वर येईल असं, आणि सुरकुती हातानं सारखी केली.

"फुलाचं मागनं बगू, सायेब," ती म्हणाली. "ही खूण बंगल्याची का दवाखान्याची, त्ये आदी सांगा."