अर्धं झाड

"काऊन जी, अर्धंच वेचून बसले?" रुख्माबाईनं विचारलं.

शेजारी बसलेल्या विवेकनं मोबाइल खाली ठेवला. माय बोलली होती. तेही परक्या माणसाशी, आणि स्वतःहून! वर्षभरात हे पहिल्यांदाच.

घरात कोंडून ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून राईस मिलच्या ड्यूटीआधी तो तिला रोज तासभर गोंदियाच्या या बगिच्यात आणायचा. ती यायची आणि समोर बघत बसायची. हास्यक्लबवाले पोट धरधरून हसायचे, पण हिचा ओठ काही हलायचा नाही. आज नेहमीचा बाक कुणी तरी पटकावला होता. म्हणून दोघं मागच्या कोपऱ्यात गेले, तर तिथं नेमकं मोहाचं झाड. खाली फुलांचा सडा. विवेक तिला मागं फिरवणार होता. पण माय बसून गेली होती.

त्याचे वडील टिकाराम असेच मोहाखाली गेले होते. मागच्या मोसमात, तिकडं सालेकसाच्या जंगलात. आदल्या रात्री बकरी विकण्यावरून नवरा-बायकोची जुंपली. "तुमचं झाड तुम्हीच वेचा, मी येत नाही," असं म्हणून रुख्माबाई तोंड फिरवून झोपली. पहाटे ते एकटेच गेले. उन्हं वर येईतो तिचा राग निवला, ती टोपली घेऊन मागोमाग गेली. टिकाराम बुंध्याला टेकून बसले होते. हाक मारली, तर ओ दिली नाही. शेजारी भरलेली टोपली, तिच्यावर दुपट्टा झाकलेला. झाडाखालची अर्धी जागा साफ, अर्धी फुलांनी पिवळी.

धावत आलेल्या लोकांपैकी कोणी तरी बोललं, "एकट्यानं सारं झाड वेचायला घेतलं बिचाऱ्यानं. अर्ध्यातच जीव गेला." ते रुख्माबाईच्या काळजात रुतलं. तेरवीच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "मीच मारलं त्याईले." मग तिची वाचाच बसली.

आणि आज ती बगिच्याच्या माळ्याला विचारत होती. केवलराम त्याचं नाव. झाडाखाली उकिडवा बसून तो निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्याचीही अर्धी जागा साफ, अर्धी पिवळी.

"माझ्या हिश्श्याचं झालं," तो म्हणाला. "तिकडची बाजू बायकोची."

"बिमार हाय का ते?"

"बिमार कायची! सकाळीच भांडली. म्हणे, जा एकटेच, मी येत नाही."

रुख्माबाईनं बाकाची दांडी घट्ट धरली. "मंग तुमीच काऊन नाही वेचून टाकत?"

"अन् ते आली त काय करेल? हात हलवत वापस जाईल?" केवलराम हसला. "बोलते तेवढं जी, पन येते. आपली बाजू वेचायची, टोपली झाकायची अन् वाट पाहत बसायचं. तीस वर्षं झाले, हेच करून राहिलो."

रुख्माबाईची नजर त्याच्या टोपलीवर गेली. टोपली भरलेली होती. वर दुपट्टा झाकलेला होता.

तेवढ्यात फाटकाकडून सुमनबाई आली. कमरेवर टोपली, तोंडानं पुटपुट चालू. नवऱ्याकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. आपल्या बाजूला बसली आणि वेचू लागली.

रुख्माबाई रडायला लागली. चांगली हंबरडा फोडून. फिरायला आलेले लोक थबकले. विवेक घाबरला, "माय, काय झालं? घरी जाऊ का?" तिनं त्याचा हात बाजूला सारला. पदरानं तोंड पुसून ती उठली, आणि सुमनबाईपुढं जाऊन तिनं हात जोडले.

"बाई, तुमचं आज भांडण झालं, लय बरं झालं!"

सुमनबाईनं चक्रावून नवऱ्याकडं पाहिलं. रुख्माबाई खाली तिच्याजवळ बसली आणि एकेक फूल उचलून तिच्या टोपलीत टाकू लागली. विवेक मायजवळ वाकला.

"तुझे बाबा अर्ध्यात नाही गेले रे," ती म्हणाली. "आपलं काम संपवून बसले होते. माझी बाजू ठेवली होती. मी येईन, हे माहीत होतं त्याईले. अन् मी गेली होती."