रंजिताचा तास

"आज शेवटला तास," धनुबाई दारातूनच म्हणाली. "तिले येत व्हई तरी बंद, नही येत व्हई तरी बंद. मिरची लाल व्हई गई. घरमा हात कमी शेतस."

हेमकांत मास्तरांनी मान हलवली. बायकोपुढे ते एवढंच करत. समोर सतरंजीवर बसलेल्या सुनेने, रंजिताने, वही उघडली. धनुबाई खळ्याकडे गेली.

नातू नवनीत नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या आईलाही इंग्रजी यावं, असं धनुबाईनेच ठरवलं होतं. शिकवायला घरातलेच निवृत्त मास्तर. रोज दुपारी एक तास. शब्द झाले, काळ झाले. मग मुख्य आणि गौण वाक्य आलं आणि सगळं तिथंच अडलं. मास्तर पुन्हा पुन्हा सांगत. एकटं उभं राहून पुरा अर्थ देतं ते मुख्य. 'जेव्हा', 'कारण', 'जरी' असं काही घेऊन येतं आणि दुसऱ्यावाचून अधुरं राहतं ते गौण. फक्त मुख्य वाक्याखाली रेघ मारायची. रंजिता रोज चुकायची. दोष आपल्या शिकवण्यातच असणार, असं मास्तरांना वाटे. नोकरीतही त्यांना असंच वाटत आलं होतं.

आज त्यांनी पानभर वाक्यं लिहून दिली. 'व्हेन द बस केम, वुई वेअर रेडी.' रंजिताने पहिल्या भागाखाली रेघ मारली. पुढच्या वाक्यात मास्तरांनी मुद्दाम मुख्य भाग आधी ठेवला होता. तिने नंतरच्या भागाखाली मारली. पान संपलं. सगळं चूक.

मास्तर त्या पानाकडे बघत राहिले. वर्गातली कितीतरी ढ मुलं त्यांना आठवली. न येणाऱ्याचं कधीतरी चुकून बरोबर येतं. हिचं एकदाही आलं नव्हतं.

"तुले समदं येस," ते हळूच म्हणाले.

रंजिताने पदर सारखा केला.

"कव्हयपासून?"

"दिवाईना पह्यलेपासून, आबा."

"मंग मुद्दाम चुकाडस काब्र?"

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर मिरच्या पसरल्याचा खकाणा येत होता. "आठे सतरंजीवर बठनी का कोनी हाक मारत नही," ती म्हणाली. "दिनभरमा इतलीच येळ."

पहाटेपासूनच्या हाका मास्तरांनीही ऐकल्या होत्या. पाणी, भाकरी, गोठा, खळं. त्यातल्या काही त्यांच्या स्वतःच्याच होत्या. चहासाठी, चष्म्यासाठी.

बाहेर चपला वाजल्या. धनुबाई परत आली होती. तिच्या लुगड्याला मिरचीचे देठ चिकटले होते.

"काय मंग, मास्तर? येस का तिले?"

येतं म्हटलं तर तास बंद. येत नाही म्हटलं तरी बंद. रंजिता वही मिटून उठू लागली होती.

बँकेचा इंग्रजी मेसेज आला की अर्धं कोरीट गाव मोबाईल घेऊन मास्तरांच्या ओट्यावर यायचं. लग्नाकार्यात धनुबाई चार बायकांत सांगायची, आमना मास्तरसारखं इंग्रजी पंचक्रोशीत नही. घरात मास्तरांना मान होता तो एवढाच.

त्यांनी घसा खाकरला.

"तिले समदं येस," ते म्हणाले. "मालेच येत नही. इतला वरीस मी खोटंच मिरवनू."

धनुबाई उंबऱ्यावरच बसली.

"बठ वो, रंजिता," मास्तर म्हणाले आणि वही आपल्यापुढे ओढून बायकोकडे वळले. "उद्यापाइन रोज दुपारले ती माले शिकाडी. मी जरा मठ्ठ शे. वरीसभर तरी लागी."