चार नंबरचा माग

वामनरावांनी अपिलाचा अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर तुटक्या दोऱ्याची दोन टोकं मांडली.

"हे काय?" तुरुंगाच्या साहेबांनी विचारलं. "बर्डीच्या बाजारात कापड घ्यायला आलास का, दोरे दाखवतोस?"

"पुरावा आहे, साहेब. ब्लेडनं कापलं तर टोक सपाट राहते. हे पिंजलं, पाहा. मागाची फणी दोरा घासून राहिली. मी तीनदा सांगितलं."

"तीनदा सांगितलं, म्हणूनच शक आला. काम टाळायला ताणा कापलास तू."

वामनराव उमरेडच्या विणकराच्या घरातले. मागावर ताण्याचे उभे दोरे चढले की त्यांच्या घरात कात्रीसुद्धा मागाजवळ आणत नसत. येत्या सोमवारी ते सुटणार होते. साहेबांनी दोन मिनिटांत चौकशी उरकून चांगल्या वागणुकीसाठी शिक्षेत मिळालेल्या माफीचे तीस दिवस कापले होते. माग पाहायला कोणी गेलं नव्हतं.

"अपील कोणाकडं जाते?"

"वर. माझा शेरा लागून."

"अन् उत्तर?"

कारकून रजत मान खाली घालूनच म्हणाला, "दोन महिने धरा, बाबाजी."

"शिक्षा एका महिन्याची, अन् उत्तर दोन महिन्यांनी?" वामनरावांचा आवाज चढला. "मंग मी घरी बसून जिंकू काय गा?"

साहेब हसले. "म्हणून सांगतो, कशाला लिहितोस? आत येऊन अक्षरं शिकलास, तर घरी पत्रं लिही."

तेवढ्यात शिपाई धावत आला. "साहेब, चार नंबरचा ताणा पुन्हा तुटला!"

वामनराव सकाळपासून याच दाराबाहेर उभे होते. येताजाता साहेबांनीही त्यांना पाहिलं होतं.

"मागावर कोण होतं?"

"गुलाबचंद."

रजतने पहिल्यांदाच मान वर केली. त्याने टेबलावरच्या दोऱ्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

साहेबांनी हाताने दोरे खाली झटकले. "पाहतोस काय? लिही. गुलाबचंद. तीस दिवस."

रजतने नवा कागद ओढला.

वामनराव वाकले. फरशीवरून दोन्ही टोकं शोधून उचलली आणि पुन्हा आपल्या अर्जावर ठेवली.

"मलेही एक कोरा कागद द्या," ते रजतला म्हणाले. "गुलाबचंदले लिहता येत नाही."