करकोच्यांचा पेला

कुरोसेसाहेब दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते, तेवढ्यात नसरुद्दीनने आत पाहिलं. अम्मा दिवाणावर बसली होती. हातात तोच पेला. त्यात झमझमचं पाणी.

पेला म्हणजे बशीसारखा उथळ, लाकडाचा. वर लाल लाखेचं काम, आत सोन्याच्या भुकटीने काढलेले दोन करकोचे. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी तो दोन्ही हातांनी दिला होता आणि सांगितलं होतं, हा साकेचा. साके म्हणजे जपानी दारू, एवढं नसरुद्दीनला ठाऊक होतं.

नसरुद्दीन साहेबांच्या हाताखाली, आखातातल्या लुसैलच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठला कागद कुणाच्या टेबलावर जाता कामा नये, यावर त्याचा पगार चालायचा. साहेबांना तो म्हणाला, पेला शोकेसमध्ये ठेवलाय. अम्माला म्हणाला, जपानी लोक यातून मध चाटतात. दोन थापा दोन फायलींत नीट लावल्या आणि गडी निर्धास्त झाला. पण अम्माचे हात थरथरायचे. स्टीलचा ग्लास हिंदकळून निम्मा ओढणीवर सांडायचा; हा पेला पिसासारखा हलका. मग मध राहिला बाजूला. मक्केच्या उमरा यात्रेहून कुणी आणलेलं झमझम ती रोज असरच्या नमाजानंतर त्यातूनच घोट घोट घेऊ लागली. काढून घ्यायचा, तर कारण सांगावं लागलं असतं.

आता साहेब कायमचे ओसाकाला निघाले होते. जाण्याआधी चहाला म्हणून अल थुमामातल्या नसरुद्दीनच्या फ्लॅटवर आले. दोन्ही फायली एकाच खोलीत.

साहेब पेल्याकडे पाहत उभेच राहिले. मग इंग्रजीत, हळू आवाजात, काहीतरी बोलले.

"काय म्हणतोय रे, नसरू?"

"घर छान आहे म्हणतात."

"नो, अब्बा," जिक्रा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली. दहा वर्षांची लेक. मराठी सगळी कळायची, बोलायची मात्र इंग्रजीच. "ही सेड हिज वाइफ पेंटेड दॅट कप, बिफोर शी डाइड. फॉर राइस वाइन."

अम्माला इंग्रजी येत नव्हतं. पण तो शेवटचा शब्द चिपळूणच्या हायवेवरच्या दारूच्या दुकानांच्या पाट्यांनी तिला कधीच शिकवला होता.

तिने पेल्यात पाहिलं, मग मुलाकडे.

"तीन वर्षं?"



साहेबांनी जिक्राला विचारलं, पेल्यात काय आहे? तिने सांगून टाकलं. मक्केचं पवित्र पाणी. साहेबांचा चेहरा उतरला. ते कमरेत वाकले, चूक माझी म्हणाले आणि पेला परत घ्यायला दोन्ही हात पुढे केले. ते समजायला अम्माला कुणाचं भाषांतर लागलं नाही.

अम्माने बिस्मिल्ला म्हणून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पेला ओढणीने पुसला आणि ओढणीतच धरून ठेवला.

"देणार नाय मी. सांग त्याला. घरी नेईल नि परत त्यात दारू ओतील."

नसरुद्दीनने तोंड उघडलं. एक गुळगुळीत वाक्य जिभेवर तयारच होतं. पण जिक्राने आता मोबाईल खाली ठेवला होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने कागद होता तसा पुढे सरकवला; अम्माचं बोलणं शब्दशः इंग्रजीत सांगितलं.

साहेब वाकलेलेच ऐकत होते. मग सावकाश सरळ झाले.

"आईंना सांगा," ते म्हणाले, "शेवटच्या दिवसांत माझी बायकोही हेच म्हणाली होती, यात परत दारू ओतू नका. म्हणून तर पेला द्यायला ऑफिसात न पिणारा माणूस शोधला."