एका शब्दाची इंग्रजी

परतूरच्या सोनूबाईचा लेक विलायतेत डॉक्टर झाला आणि तिथल्याच मडमेशी लग्न करून राहिला. यंदा दिवाळीला नातवाला घेऊन येतो, असं त्याचं पत्र आलं, तशी सोनूबाई स्टेशनमास्तरांकडे गेली.

"नातवाला मराठी कळत न्हाई, मास्तर. 'ये' म्हणायचं तर इंग्रजीत काय म्हणतेत, तेवढं सांगा."

"कम."

"अन् सुनंला? तिला 'या' म्हणावं लागंल की."

"तिलाही कमच. लहान-मोठं, सगळ्यांना कम."

"बरं झालं. एकाच शब्दात सारे घरात येतेत."

विसरू नये म्हणून ती रोज कालवडीला हिरवा चारा दाखवून तोच शब्द म्हणू लागली.

पुढं मास्तरांची बदली झाली. तीन दिवाळ्यांनंतर ते परतूरला आले, तेव्हा मुद्दाम तिच्याकडे गेले. कालवडीची आता गाय झाली होती. नातू येऊन गेला का, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं. पण सोनूबाई एकटीच बसलेली पाहून त्यांनी उगाच चाऱ्याची पेंढी उचलली आणि गाईला "ये, ये" केलं.

गाय जागची हलली नाही.

"तिला मराठी कळत न्हाई, मास्तर," सोनूबाई म्हणाली.